लठ्ठपणा रोखायला अमेरिकेतली राज्यं काय करतात, आणि त्यातलं काय लागू पडतं

अमेरिकेत दर पाच प्रौढांमागे दोघांना लठ्ठपणा आहे. ऑगस्ट २०२१ ते ऑगस्ट २०२३ या काळातल्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांमधलं प्रमाण ४०.३ टक्के निघालं. मुलामुलींमध्ये, म्हणजे २ ते १९ या वयात, २०१७ ते २०२० दरम्यान ते १९.७ टक्के होतं. एवढा मोठा प्रश्न म्हटल्यावर सरकार काय करतंय, हा सवाल आलाच. पण तिथे सरकार एक नाही. वर केंद्र, मध्ये पन्नास राज्यं, खाली काउंट्या (म्हणजे जिल्हे), शहरं आणि हजारोंनी स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे शाळा चालवणारी स्थानिक मंडळं. लठ्ठपणाच्या बाबतीत कोणाच्या हातात काय आहे हे कळलं नाही, तर बातम्या वाचून नुसता गोंधळ उडतो.

पाकिटावर पोषणाची माहिती कशी छापायची, हे केंद्र ठरवतं. १९९० च्या कायद्यानंतर राज्यांना त्यात स्वतःचं वेगळं कोष्टक आणता येत नाही. शाळेत अनुदानावर मिळणाऱ्या जेवणाचे किमान निकषही केंद्राचेच. राज्याकडे उरतं ते असं: शाळेत व्यायामाला किती मिनिटं द्यायची, शाळेच्या आवारात काय विकायचं (केंद्राच्या निकषांपेक्षा कडक नियम चालतात), पाळणाघरांना परवाना कोणत्या अटींवर द्यायचा, कर बसवायचा की नाही, गरिबांच्या आरोग्य योजनेतून कोणत्या उपचाराचे पैसे द्यायचे. आणि एक अधिकार असा, ज्याची चर्चा फार कमी होते: आपल्याच शहरांना अडवायचा. कोणत्या शहराने काय करू नये, हे राज्याला कायद्याने ठरवता येतं.

या सगळ्या धोरणांकडे बघताना मला एकच कसोटी कामाची वाटते. धोरण माणसाला बदलायला सांगतंय, की त्याच्या समोरचं ताट, यंत्र किंवा भाव बदलतंय? पहिल्या प्रकारचं धोरण विधिमंडळात झटकन मंजूर होतं, कारण त्याने कुणाचं नुकसान होत नाही. दुसऱ्या प्रकारात कुणाच्या तरी धंद्याला हात लागतो, आणि मग खरी लढाई सुरू होते.

वजनाचं प्रगतिपुस्तक

सुरुवात आर्कान्सापासून करू, कारण २००३ साली या राज्याने केलेला 'अॅक्ट १२२०' हा बालवयातल्या लठ्ठपणावरचा देशातला पहिला मोठा राज्य कायदा मानला जातो. गव्हर्नर होते माइक हकाबी. त्यांना टाइप २ मधुमेहाचं निदान झालं होतं आणि पुढे त्यांनी शंभर पौंडांहून जास्त वजन उतरवलं, त्यामुळे विषयाला आपोआप प्रसिद्धी मिळाली. कायद्यातलं सगळ्यात गाजलेलं कलम म्हणजे सरकारी शाळेतल्या प्रत्येक मुलाची उंची आणि वजन मोजून त्याचा बीएमआय पालकांना पत्राने कळवायचा.

बीएमआय म्हणजे किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. प्रौढांमध्ये तो ३० किंवा त्याहून जास्त असला की लठ्ठपणा धरतात. मुलांना हा आकडा थेट लावता येत नाही, कारण वाढत्या वयात तो सतत बदलत असतो. म्हणून त्याच वयाच्या आणि लिंगाच्या मुलांशी तुलना करून पर्सेंटाइल, म्हणजे शंभर मुलांच्या रांगेतलं स्थान, काढतात. ८५ ते ९५ च्या मधलं मूल जास्त वजनाचं, ९५ किंवा त्यापुढचं लठ्ठ.

इथे चौकस वाचक अडखळतो. ९५ व्या पर्सेंटाइलच्या वर तर व्याख्येनेच पाच टक्के मुलं असणार, मग १९.७ टक्के कुठून आले? उत्तर असं की तुलना आजच्या मुलांशी होतच नाही. तक्ते २००० साली प्रसिद्ध झाले आणि ते १९६० च्या दशकापासून पुढच्या जुन्या सर्वेक्षणांवर बेतलेले आहेत. आजच्या मुलांना त्या काळच्या मुलांच्या रांगेत उभं केलं की पाचातलं जवळपास एक मूल त्या टोकाला जातं.

आर्कान्सातल्या पत्रात मुलाचा गट लिहिलेला असे आणि खाली सल्ला: गोड पेयं कमी करा, टीव्हीसमोरचा वेळ कमी करा, डॉक्टरांना भेटा. पहिल्या काही वर्षांत राज्यातला आकडा वाढायचा थांबला आणि पत्रांची वाहवा झाली. इतर राज्यांनीही कित्ता गिरवला. पण पत्राचा परिणाम की इतर कशाचा, हे तेव्हा सांगता येत नव्हतं. २००७ मध्ये कायदा सैल झाला. मोजमाप दरवर्षी न होता एक वर्षाआड होऊ लागलं आणि पालकांना नकार देण्याची सोय मिळाली.

खरा निकाल कॅलिफोर्नियातून आला. तिथे ७९ शाळांमधल्या २८,००० हून जास्त मुलांवर चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडून प्रयोग झाला. काही शाळांत मोजमाप आणि पत्र, काहींत नुसतं मोजमाप, काहींत काहीच नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की पत्र गेलेल्या घरांतल्या मुलांच्या वजनात दोन वर्षांनंतरही फरक पडला नाही. उलट शाळेत वजन मोजलेली मुलं स्वतःच्या शरीराबद्दल जास्त नाराज झाली.

मोजणं वाईट नाही. कोणत्या भागात प्रश्न वाढतोय हे कळायला राज्याला आकडे लागतातच. पण त्यासाठी नावानिशी पत्र घरी पाठवायची गरज नसते. आठवीतल्या मुलीच्या आईला आपल्या मुलीचं वजन दिसत नाही आणि सरकारने कळवल्यावर दिसेल, ही समजूतच मुळात विचित्र होती.

याच कायद्यातली दोन कलमं मात्र कमी गाजली आणि जास्त महत्त्वाची होती. प्राथमिक शाळांतली मुलांसाठीची व्हेंडिंग मशीन, म्हणजे पैसे टाकले की खाऊ-पेय देणारी यंत्रं, बंद झाली. आणि शाळांना खाद्यपेयांच्या कंत्राटांतून किती पैसे मिळतात, हे जाहीर करायची सक्ती झाली.

यंत्र कोणाचं, पैसे कोणाला

त्या कंत्राटांची गोष्ट सांगायलाच हवी. १९९० च्या दशकात शीतपेय कंपन्या स्कूल डिस्ट्रिक्टशी थेट करार करू लागल्या. शाळेत फक्त आमचीच पेयं विकायची, बदल्यात ठोक रक्कम आणि विक्रीतला वाटा. शाळांना तो पैसा हवाच होता. त्यातून बँडचे गणवेश येत, स्कोअरबोर्ड येत, खेळाच्या संघांचा प्रवास होई. वर्गात पोषणाचा धडा आणि वर्गाबाहेर सोड्याचं, म्हणजे गोड शीतपेयांचं, यंत्र, असा तो संसार होता.

कॅलिफोर्नियाने तो टप्प्याटप्प्याने मोडला. २००३ च्या कायद्याने प्राथमिक आणि मिडल (हायस्कूलच्या आधीच्या) शाळांतून सोडा गेला, २००५ मध्ये अर्नोल्ड श्वार्झनेगर गव्हर्नर असताना हायस्कूलमधूनही. सोबत चिप्स, कँडी यांसारख्या पदार्थांसाठी चरबी, साखर आणि उष्मांकांच्या मर्यादा आल्या. इतर राज्यांनी आपापल्या परीने नियम केले, आणि २०१० च्या केंद्रीय कायद्यानंतर देशभरासाठी किमान निकष ठरले.

राज्याराज्यांचे नियम वेगवेगळे असल्यामुळे संशोधकांना तुलना करता आली. जिथे नियम स्पष्ट होते आणि लहान मुलांपासून मोठ्यांपर्यंत सलग लागू होते, तिथल्या मुलांचं वजन तुलनेने कमी वाढलं. जिथे नियमात 'शाळांनी प्रयत्न करावा' छापाची भाषा होती, तिथे फारसं काही झालं नाही. आणखी एक धडा मिळाला. ज्या राज्यांनी फक्त सोड्यावर बंदी घातली, तिथे यंत्रातली सोड्याची जागा स्पोर्ट्स ड्रिंक आणि फळांच्या चवीच्या पेयांनी घेतली. सगळी साखरेची पेयं काढली तेव्हाच शाळेत ती मिळणं कमी झालं, आणि तरीही दिवसभरात मुलं एकूण किती गोड पेयं पितात, यात फरक दिसला नाही. शाळेत नाही मिळालं की घरी किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतंच.

स्वयंपाकघरातला बदल पाहायचा असेल तर मिसिसिपीकडे बघावं. सगळ्यात जास्त लठ्ठपणा असलेल्या राज्यांत मिसिसिपीचं नाव कायम असतं. तिथे २००७ चा विद्यार्थी आरोग्य कायदा आला, आठवड्याला दीडशे मिनिटं हालचालीची अट आली, आणि बऱ्याच शाळांच्या स्वयंपाकघरांतून तळणीच्या कढया, म्हणजे डीप फ्रायर, निघून त्या जागी वाफेवर आणि गरम हवेवर शिजवणारे कॉम्बी ओव्हन बसले. फ्रायरच गेल्यावर फ्राइज भाजूनच कराव्या लागतात. स्वयंपाकी बाईंना रोज निश्चय करावा लागत नाही. २००५ ते २०११ दरम्यान पाचवीपर्यंतच्या मुलांमध्ये जास्त वजन आणि लठ्ठपणाचं एकत्रित प्रमाण ४३ वरून ३७.३ टक्क्यांवर आलं. घट मुख्यतः गोऱ्या मुलांत होती, कृष्णवर्णीय मुलांत ती लक्षणीय नव्हती, आणि ही बाब लहान नाही. तेच ओव्हन, तोच कायदा, पण शाळेबाहेरची परिस्थिती सारखी नव्हती.

पी.टी.च्या तासाबद्दल थोडक्यात. बहुतेक राज्यांच्या कायद्यात शारीरिक शिक्षण आहे, पण किती मिनिटं हे अनेकांनी लिहिलेलं नाही. जिथे लिहिलं तिथे फायदा दिसतो: राज्यांच्या नियमांतल्या फरकांवरून काढलेल्या एका अंदाजानुसार आठवड्याला साठ मिनिटं वाढली की पाचवीतल्या मुलाला लठ्ठपणा असण्याची शक्यता ४.८ टक्के-अंकांनी घटते. फायदा मुख्यतः मुलग्यांना होतो. ऑरेगनने २००७ मध्ये कायदाच केला: प्राथमिकला आठवड्याला १५० मिनिटं, मिडल स्कूलला २२५, आणि तयारीला दहा वर्षं. मुदत आली तेव्हा अनेक शाळांकडे ना शिक्षक होते, ना जिम. मुदत पुढे ढकलावी लागली. पैसे न देता नुसती सक्ती केली की असंच होतं.

पाचच्या आतली मुलं

सगळ्यात कमी गाजावाजा झालेलं आणि तरी आकड्यांत दिसलेलं काम याच वयात झालं. 'विक' नावाची योजना आहे. गरीब गरोदर आणि बाळंतीण बायका, तान्ही बाळं आणि पाच वर्षांखालची मुलं यांना ठरावीक खाद्यपदार्थ त्यातून मिळतात. पैसा केंद्राचा, चालवतं राज्य: कोणत्या ब्रँडला आणि कोणत्या आकाराच्या पाकिटाला मान्यता द्यायची, कोणत्या दुकानाला यादीत घ्यायचं, हे राज्याच्या खात्याकडे असतं.

२००९ मध्ये या योजनेतला शिधा बदलला. फळांचा रस कमी झाला, दोन वर्षांपुढच्या मुलांसाठी कमी चरबीचं दूध आलं, अख्ख्या धान्याचा ब्रेड आला, ताजी फळं-भाज्या घ्यायला वेगळे पैसे आले. यादीत राहायचं तर दुकानदाराला फळं-भाज्या ठेवणं भाग पडलं, त्यामुळे ज्या छोट्या दुकानांत आधी चिप्स आणि सिगारेटी एवढंच असे, तिथेही केळी-गाजरं दिसू लागली. योजनेतल्या २ ते ४ वर्षांच्या मुलांमधला लठ्ठपणा २०१० मध्ये १५.९ टक्के होता, २०१६ मध्ये १३.९ टक्के झाला, आणि घट बहुतेक राज्यांत दिसली. सगळं श्रेय नव्या शिध्याला देता येणार नाही. पण देशाचा एकूण आकडा वर जात असताना सगळ्यात गरीब घरांतल्या मुलांचा खाली येणं ही दुर्मीळ गोष्ट आहे. यात कुणी आईला उपदेश केला नव्हता. टोपलीत काय येतं ते बदललं होतं.

पाळणाघरांचंही तसंच. परवाना राज्याचा, म्हणून अटीही राज्याच्या. पाणी सहज हाताशी हवं, रस किती द्यायचा, रोज किती वेळ खेळ, पडद्यासमोर किती वेळ. काही राज्यांच्या नियमांत हे सगळं आहे, काहींच्या नियमांत निम्मंही नाही.

सोड्यावरचा कर

आता सगळ्यात तापलेला विषय. शहरांनी बसवलेले सोडा कर बातम्यांत येतात, पण आरोग्यासाठी तसा कर एकाही राज्याने राज्यभर बसवलेला नाही. का, ते समजून घ्यायला आधी कर कसा चालतो ते बघू.

बिलाच्या शेवटी जोडला जाणारा हा विक्रीकर नसतो. तो वितरकाकडून वसूल होतो, आणि पेयाच्या किमतीवर न लागता मापावर लागतो. फिलाडेल्फियात जानेवारी २०१७ पासून दर औंसाला दीड सेंट. औंस म्हणजे साधारण ३० मिलिलिटर. १२ औंसांच्या डब्यावर १८ सेंट, दोन लिटरच्या बाटलीवर एक डॉलरहून थोडा जास्त. मोठी बाटली स्वस्त पडते म्हणून लोक ती घेतात, आणि नेमकी तीच या करात महाग होते, कारण कर किमतीकडे बघत नाही, आत किती द्रव आहे तेवढंच बघतो. वितरक बोजा दुकानदारावर टाकतो, दुकानदार फडताळावरच्या किमतीत, आणि ग्राहकाला तो बाटली उचलण्याआधीच दिसतो. बिलात शेवटी जोडला असता तर बाटली केव्हाच पिशवीत गेली असती.

फिलाडेल्फियाच्या मोठ्या साखळी दुकानांत करपात्र पेयांची विक्री पहिल्या वर्षी ५१ टक्क्यांनी पडली. पण शहराच्या हद्दीपलीकडच्या दुकानांत ती वाढली. ते वजा केल्यावर निव्वळ घट ३८ टक्के. पुढे फिलाडेल्फियासह पाच शहरांच्या आकडेवारीवर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात किमती साधारण ३३ टक्क्यांनी वाढल्या आणि खरेदी तेवढीच घटली असं आढळलं, आणि त्यात शेजारच्या भागांत विक्री वाढल्याचं दिसलं नाही. म्हणजे हद्द ओलांडणं हे शहराच्या आकारावर आणि पलीकडचं दुकान किती जवळ आहे यावर अवलंबून असावं. राज्यभर कर असला तर ही वाट बरीचशी बंद होते. वजनावरचा परिणाम मात्र खपावरच्या परिणामाइतका ठळक नाही. तो लहान असतो आणि दिसायला वेळ लागतो, हे कराच्या समर्थकांनीही मान्य करायला हवं.

गरिबांवर बोजा पडतो हा आक्षेप खरा आहे. उत्पन्नाच्या प्रमाणात गरीब घर जास्त कर भरतं. त्यावरचं उत्तर कराच्या दरात शोधून मिळत नाही, ते पैसा कुठे जातो त्यात मिळतं. फिलाडेल्फियाने तो मुख्यतः बालवाड्यांकडे वळवला.

मग राज्यं मागे का? इथे शहरांना अडवायचा तो अधिकार कामी येतो. कॅलिफोर्नियात बर्कली शहराने २०१४ मध्ये मतदानाने कर आणला, नंतर सॅन फ्रान्सिस्को, ओकलंड आणि अल्बनीनेही. २०१८ मध्ये पेय उद्योगाने वेगळीच खेळी केली. त्याने राज्यव्यापी मतदानासाठी प्रस्ताव आणला की शहराचा कोणताही कर वाढवायचा असेल तर दोन तृतीयांश मतं हवीत. कोणताही, म्हणजे रस्ते, अग्निशमन, ग्रंथालयं, सगळ्यांसाठीचा. हे मंजूर झालं असतं तर शहरांचं कंबरडंच मोडलं असतं. प्रस्ताव मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी, २८ जून २०१८ ला, विधिमंडळाने तडजोड केली: २०३१ पर्यंत कोणत्याही शहराने किराणा मालावर नवा कर लावायचा नाही, सोडाही त्यात आला. उद्योगाने प्रस्ताव मागे घेतला. आधीची चार शहरं वाचली, बाकीच्यांची दारं बंद.

याला मराठीत नाक दाबून तोंड उघडणं म्हणतात. पुढे २०२३ मध्ये न्यायालयाने कर लावणाऱ्या शहराला दंड करायची त्या कायद्यातली तरतूद स्वतःची सनद, म्हणजे कारभाराचे स्वतःचे मूळ नियम, असलेल्या शहरांना लागू होणार नाही असं ठरवलं, आणि २०२४ मध्ये सांताक्रूझच्या मतदारांनी निसटत्या बहुमताने औंसाला दोन सेंट कर मंजूर केला.

मिशिगनने २०१७ मध्ये आणि अॅरिझोनाने २०१८ मध्ये असे कर आधीच बंद करून टाकले. वॉशिंग्टन राज्यात नोव्हेंबर २०१८ ला मतदारांनी नव्या करांना बंदी केली, सिअॅटलचा आधीचा कर तेवढा राहिला. त्याच दिवशी शेजारच्या ऑरेगनमध्ये तशाच धाटणीचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला.

शहरांना अडवण्याचा कडेलोट मिसिसिपीत झाला, तोच फ्रायर काढणारा मिसिसिपी. न्यूयॉर्क शहराने २०१२ मध्ये १६ औंसांपेक्षा मोठ्या गोड पेयांच्या विक्रीवर मर्यादा आणायचं ठरवलं (पुढे २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली). मिसिसिपीतल्या कोणत्याही गावाच्या मनात तसा विचार येण्याआधीच २०१३ मध्ये राज्याने कायदा केला की पेयाचा आकार किंवा मेनूवरचे उष्मांक यांवर स्थानिक नियम करायचेच नाहीत. लठ्ठपणामुळे फास्ट फूड साखळ्यांवर दावे ठोकता येऊ नयेत म्हणूनही वीसहून जास्त राज्यांनी कायदे केले. २००२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मॅकडॉनल्ड्सवर दाखल झालेल्या खटल्यानंतर ही लाट आली. त्यांना गमतीने 'चीजबर्गर कायदे' म्हणतात. राज्याचं 'लठ्ठपणाविषयक धोरण' मोजताना हेही मोजायला हवेत. एरवी यादीत फक्त चांगलं चांगलं दिसतं.

दुकान, रस्ता आणि कार्ड

ज्या वस्तीत ताजा माल मिळत नाही तिथे सुपरमार्केट आणायचं, ही कल्पना सगळ्यांना आवडते. पेनसिल्व्हेनियाने २००४ पासून तीन कोटी डॉलर घालून ऐंशीहून जास्त दुकानांना हातभार लावला. नोकऱ्या आल्या, वस्तीला बरं वाटलं. पण फिलाडेल्फियातल्या एका नव्या दुकानाच्या आसपासच्या लोकांना तपासलं तेव्हा दुकान आल्याचं त्यांना कळलं होतं, खाणं आणि बीएमआय मात्र होते तिथेच. भाजी जवळ आली म्हणून सोडा लांब जात नाही. रस्त्यांचं काम संथ आणि न दिसणारं. ऑरेगनने १९७१ मध्येच महामार्ग निधीचा किमान एक टक्का पायवाटा आणि सायकलमार्गांवर खर्च करायचा कायदा केला, तेव्हा लठ्ठपणा हा शब्दही त्या चर्चेत नव्हता.

सध्या चर्चेत आहे ते 'स्नॅप', म्हणजे गरिबांना किराणा घ्यायला मिळणारं कार्ड. २०२४ मध्ये साधारण चार कोटींहून जास्त लोक ते वापरत होते. त्यातून सोडा घेता येतो, आणि तो बंद करायला केंद्राची परवानगी लागते. मिनेसोटाने २००४ मध्ये मागितली होती, मिळाली नाही. मे २०२५ मध्ये नेब्रास्काला पहिली परवानगी मिळाली: १ जानेवारी २०२६ पासून सोडा आणि एनर्जी ड्रिंक बंद. पाठोपाठ डझनाहून जास्त राज्यं रांगेत आली, प्रत्येकाची यादी वेगळी. आयोवाची बरीच लांबलचक.

वर ठेवलेल्या कसोटीवर हे धोरण अवघड जातं. भाव तोच, दुकान तेच, यंत्र तेच. बंधन फक्त एका प्रकारचं कार्ड असलेल्या माणसावर. कार्डवर शिधा घेणारं कुटुंब सोडा खिशातल्या रोख पैशांनी घेऊ शकतं, आणि रांगेत मागे उभ्या असलेल्याच्या सोड्याला कुणी हात लावत नाही. 'विक'शी तुलना केली की फरक कळतो. तिथे शिधा बदलताना फळांचे पैसे वाढवून दिले होते, इथे बहुतेक राज्यांनी नुसतं काढून घेतलं आहे. परिणाम काय होतो ते राज्यांची आकडेवारी येईल तेव्हा दिसेल, पण माझी अपेक्षा माफक आहे.

मोठ्या माणसांचं काय

प्रौढांसाठी राज्याच्या हातात मुलांइतकं काही नसतं. त्यांना शाळेत बसवता येत नाही. कॅलिफोर्नियाने २००८ मध्ये साखळी रेस्टॉरंटच्या मेनूवर उष्मांक छापायचा कायदा केला. राज्यपातळीवरचा तो पहिला. २०१८ पासून केंद्राचा नियम देशभर आला. मेनूवरचा आकडा वाचून लोक थोडं कमी मागवतात, फार नाही. मिशिगनचा १९७६ चा कायदा वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवण्यासारखा आहे: वजनावरून नोकरीत भेदभाव करू नये असं स्पष्ट शब्दांत लिहिणारं ते एकमेव राज्य. लठ्ठ माणसाला हिणवल्याने तो बारीक होत नाही, पण डॉक्टरकडे जायचं मात्र टाळतो.

प्रौढांबाबतचा सगळ्यात महागडा निर्णय आता औषधांचा आहे. भूक कमी करणारी जीएलपी-१ गटातली इंजेक्शनं वजन खरोखर उतरवतात. छापील किंमत महिन्याला हजार डॉलरच्या वर होती. मेडिकेड या गरिबांच्या आरोग्य योजनेत केंद्राच्या कायद्यानुसार वजन कमी करायच्या औषधांचे पैसे द्यायचे की नाही, हे राज्याच्या मर्जीवर आहे. २०२४ मध्ये तेरा राज्यं देत होती. नॉर्थ कॅरोलायनाने त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या शिक्षकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या विम्यातून ती वजनासाठी देणं बंद केलं, ऑगस्टमध्ये मेडिकेडमध्ये सुरू केलं, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथेही थांबवलं. कॅलिफोर्नियाने जानेवारी २०२६ पासून बंद केलं. मधुमेहासाठी तीच औषधं चालू आहेत. म्हणजे तिथे वजन वाढत जाऊन मधुमेह झाला की राज्य पैसे देतं, त्याआधी देत नाही.